दार खाडीकडे आहे

बाईंच्या घराचं रस्त्याकडचं दार आतून फळ्या ठोकून बंद केलेलं होतं आणि बाहेर एक पाटी लावली होती : 'दार खाडीकडे आहे. बोळातून यावे.' अठ्ठ्याण्णव साली बँकेत बदली होऊन मी कराडहून रत्नागिरीला आले, तेव्हा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन त्या पाटीसमोर उभी राहिले होते. रिक्षावाल्यानं सामान खाली ठेवलं आणि म्हणाला, "पोस्टातल्या बाईंकडे ना? मग इथंच उतरायचं. पुढं रिक्षा जात नाही. माणसंसुद्धा नाइलाजानंच जातात."

बोळ दोन घरांच्या भिंतींमधून जात होता. तो संपला की एकदम खाडी. मोठ्या खाडीचा एक चिंचोळा फाटा त्या वस्तीच्या मागून शहरात शिरलेला होता आणि दोन्ही काठांवरच्या घरांनी त्याच्याकडे पाठ केली होती. पुढून रंगवलेली, अंगणात मोगरा आणि तुळस असलेली घरं मागून कशी असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मोऱ्यांचे पाइप, शेवाळलेल्या भिंती, खिडक्यांखाली साठलेल्या पिशव्यांचे ढीग. ओहोटीची वेळ होती. काळ्या चिखलावरून गटाराचं पाणी वाट काढत चाललं होतं आणि वास असा, की मी ट्रंक खाली ठेवून पदर नाकाला लावला.

बाई दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी गमबूट. "वास येतोय ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. भरतीच्या वेळी आला असतात तर फसला असतात." खोली पसंत आहे का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

बाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांचं घर, त्यात त्या एकट्या, आणि माडीवरच्या खोलीत एखादी भाडेकरू मुलगी. आवाज कधी चढत नसे. बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण खिडकीपाशी रांगेत उभे आहोत आणि आपला नंबर आला आहे. त्यांना मी 'बाई'च म्हणत होते, सगळं गाव म्हणायचं तसं. पहिल्या महिन्यात त्या मला 'अहो' म्हणाल्या, मग एकदम 'गो' म्हणायला लागल्या.

पोस्टाची नोकरी त्यांच्या अंगात किती भिनली होती ते मला पहिल्याच रविवारी कळलं. सकाळी ओहोटीला बाई गमबूट घालून काठावर उतरल्या. हातात लांब दांड्याचा चिमटा आणि एक टोपली. आलेला कचरा त्या उचलत, पण सरसकट नाही. ज्याच्यावर नाव किंवा पत्ता असेल ते वेगळं काढत. दुकानाचं नाव असलेली पिशवी, शाळेच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर, औषधाच्या चिठ्ठीसकट टाकलेल्या बाटल्या. हे सगळं त्या नळाखाली धूत, दोरीवर वाळवत, कागदात नीट बांधत आणि संध्याकाळी ज्याचं त्याला नेऊन देत. पुडक्यावर शाईनं लिहिलेलं असे : 'प्रेषकास परत.'

एकदा त्या मलाही बरोबर घेऊन गेल्या. एका घरात नुकतंच मुलाचं लग्न झालं होतं आणि नवरा-नवरीची नावं छापलेली पेढ्यांची खोकी खाडीत तरंगत आली होती. बाईंनी आधी सूनबाईची चौकशी केली, तिला जवळ बोलावून तिच्या हातावर नारळ ठेवला, आणि मग पुडकं यजमानांपुढे केलं. "पेढे काही आमच्यापर्यंत आले नाहीत," त्या म्हणाल्या, "खोकी तेवढी पोचली." यजमान लाल झाले. पण भांडायचं कशावरून? समोरच्या बाईनं आवाज चढवला नव्हता, नारळ दिला होता, आणि वस्तू तर त्यांचीच होती. आम्ही त्या घरून पेढे खाऊन परतलो.

लोक चिडत होते, हे खरं. काहीजण त्यांना बघून खिडकी लावून घेत. शेजारची हलिमाबी मात्र त्यांच्या बाजूची. तिचा नवरा होडी चालवायचा, सगळे त्याला तांडेल म्हणत. दोघींची घरं एकाच भिंतीला लागून होती आणि भांडणंही त्याच भिंतीवरून होत, पण खाडीबद्दल दोघींचं कधी दुमत झालं नाही. हलिमाबी म्हणायची की तिची सासू याच काठावर बसून मासे साफ करायची आणि कालवं काढायला लांब जावं लागत नसे.

दार बंद करण्याचा प्रकार मात्र हलिमाबीलाही पटला नव्हता. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस दर वेळी बोळात शिव्या घालायचा. पोस्टमन त्यांचाच जुना हाताखालचा, तो निमूटपणे काठाकाठानं यायचा आणि पँटचे पाय दुमडायचा. मला पहिले काही महिने हा सगळा तऱ्हेवाईकपणाच वाटत होता, आणि ऑगस्टमध्ये तर मी खरोखर रागावले. बाईंना ताप आला. तिसऱ्या दिवशी त्यांना उभं राहवेना. बाहेर पाऊस कोसळत होता, काठावरची वाट निसरडी झाली होती, आणि रस्त्याकडच्या दारापर्यंत रिक्षा येऊ शकत होती. मी हातोडी घेऊन फळ्या काढायला निघाले. बाईंनी अंथरुणातून सांगितलं की फळ्यांना हात लावायचा नाही. शेवटी मी, हलिमाबी आणि तिच्या दोन सुनांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि त्या चिखलातून, बोळातून, खुर्ची उचलून रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यातून परत आणताना पुन्हा तेच.

ताप उतरल्यावर मी त्यांना बोलले. असला हट्ट कुणाच्या जिवावर बेतेल, असं काहीसं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं चुकत नाही गो," त्या म्हणाल्या. "पण ते दार लोकांसाठी बंद नाही केलेलं. माझ्यासाठी केलंय. ते उघडलं की मी पुन्हा तिकडूनच जाईन-येईन. मला माझी सवय माहीत आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीत असताना घरी यायला दिवस मावळायचा. मागची खिडकी त्या रोज उघडत, पण फक्त कचरा टाकायला. हात बाहेर काढायचा, पिशवी सोडायची, खिडकी लावायची. नोकरीची सगळी वर्षं हे चाललं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी, घरी बसायची सवय नाही म्हणून त्या मागे खुर्ची टाकून बसायला गेल्या, आणि त्यांनी खाली बघितलं. लहानपणी त्या जिथं पोहायला शिकल्या होत्या, तिथं पाणी दिसत नव्हतं. आणि वरचा थर त्यांच्याच घरचा होता. त्यांच्या दुधाच्या पिशव्या, त्यांच्या चहाची पाकिटं.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर मी अर्ज केला असता," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावून स्वतःच्या मोरीचा पाइप बंद केला आणि परसात शोषखड्डा खणून घेतला. पुढे काही वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून बघितलं. कुणी हललं नाही, आणि आपणही घाईच्या वेळी पुढच्या दारानंच निघतो, मागे बघत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी दाराला फळ्या ठोकल्या. ही गोष्ट मी यायच्या आधीच्या होळीची.

त्यापायी त्यांचा भाऊ तुटला.

बाई त्याला बाळ म्हणत, पण बाळच्या मिशा पांढऱ्या झालेल्या होत्या. खाडीच्या मुखाकडे, चार घरं सोडून त्याचं हॉटेल होतं. मिसळ, भजी, उसळपाव आणि चहा. गिऱ्हाइकाची रीघ. रोज सकाळी हॉटेल उघडायच्या आधी तो बहिणीकडे चहा प्यायला यायचा, आपल्या हॉटेलातला चहा त्याला आवडत नसे. होळीनंतरच्या सकाळी तो आला तर दार बंद. पाटी वाचून तो रस्त्यावर उभा राहून म्हणाला, की मागच्या दारानं जायला आपण काय भांडी घासायला येतो? त्या वाटेवर पाय टाकणार नाही, असं त्यानं चार लोकांदेखत सांगितलंन, आणि तो शब्द पाळला. चहा बंद झाला. बाईंनी सकाळचा दुसरा कप मांडायचं थांबवलं नाही. मी आल्यावर तो चहा मला मिळायला लागला, तो मुळात कुणाचा होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या वर्षी भाऊबीजेला बाईंनी पाट मांडला. रांगोळी काढली, ताट तयार केलं, निरांजनात वात घातली. जेवणवेळ टळून गेली. संध्याकाळी बाईंनी चंद्राला ओवाळलं आणि ताट झाकून ठेवलं. मी सुचवलं की एका दिवसापुरतं दार उघडू या. त्या म्हणाल्या, "एका दिवसापुरतं तो खाडीकडून येऊ शकतो की." दोघं एकाच मातीची भांडी होती.

दिवाळीनंतर नगरपालिकेत एक योजना निघाली. खाडीच्या या फाट्यावर स्लॅब टाकायचा आणि वर दुकानांचे गाळे काढायचे. वास जाईल, डास जातील आणि बाजाराला जागा मिळेल. बहुतेकांना ती पसंत पडली. बाळला तर फारच, कारण त्याच्या हॉटेलाला मागूनही रस्ता मिळणार होता. बाईंनी विरोधाचा अर्ज केला नाही. वॉर्डाचे नगरसेवक आणि नगरपालिकेतले तरुण इंजिनिअर यांना त्यांनी चहाला बोलावलं. अमावास्येला, संध्याकाळी पाच वाजता.

अमावास्येचं बोलावणं म्हणून नगरसेवक जरा बिचकले होते. तो दिवस निवडण्याचं कारण साधं होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला आमच्याकडे उधाणाची भरती दुपारी येते आणि संध्याकाळी पाण्याची ओहोटी अगदी तळापर्यंत जाते. बाईंनी खुर्च्या घराबाहेर, काठाला मांडल्या. कांदेपोहे केले होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. समोर सगळा फाटा उघडा पडलेला. इंजिनिअरनं रुमाल काढला. नगरसेवकांनी दोन घास खाऊन बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, म्हणूनच तर म्हणतो, झाकून टाकू या."

बाई म्हणाल्या, "माणसाच्या तोंडावर चादर कधी ओढतात, ते तुम्हाला सांगायला नको."

इंजिनिअर चहा संपवून काठाकाठानं थोडा पुढे गेला, वाकून बघत राहिला, आणि परत येऊन त्यानं विचारलं की घराखाली हा जांभ्या दगडाचा कोपरा दिसतो तो कशाचा. बाईंनी सांगितलं की तिथं पायऱ्या आहेत. त्यांच्या लहानपणी कौलांच्या आणि लाकडांच्या होड्या थेट तिथं लागत. आता सगळं गाळात आहे. तो म्हणाला, दिसल्या असत्या तर नगरपालिकेत दाखवता आल्या असत्या.

एवढं वाक्य बाईंना पुरलं. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत आम्ही पायऱ्या खणल्या. आम्ही म्हणजे बाई, हलिमाबी, तिच्या सुना, आणि सुट्टीच्या दिवशी मी. ओहोटीला चिखल काढायचा, भरतीला त्यातला थोडा परत यायचा. टायर, काचा, ट्यूबलाइटी, कुणाच्या तरी पलंगाचा पाय. बँकेत माझ्या नखांकडे बघून साहेब विचारायचे की घरी शेती आहे का. एकेक पायरी उघडी पडायला लागली तशी काठावर बघ्यांची गर्दी व्हायला लागली, आणि बघता बघता त्यातले एक-दोन फावडं घेऊन खाली उतरले. पेढेवाल्या घराचा नवरदेव त्यातला एक. तांडेलनं फाट्याच्या मधोमध अडकलेली झाडाची खोडं दोर लावून ओढून काढली. हॉटेलाच्या मागच्या खिडकीतून बाळ हे बघत असावा. ती खिडकी कधी कधी किलकिली दिसायची. त्याच खिडकीखालचा पाइप मात्र दिवसभर भांड्यांचं पाणी खाडीत सोडत होता, आणि बाईंनी त्याबद्दल त्याला कधीही पुडकं पाठवलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "बाकीच्यांना पाठवलेलं रागानं घेतील आणि विसरतील. तो विसरायचा नाही."

त्या वर्षीची भाऊबीज आली. बाईंनी पुन्हा पाट मांडला. दुपारी बारा वाजून गेले होते आणि उधाणाचं पाणी फाट्यात चढत होतं. नव्या उघड्या झालेल्या पायऱ्या एकामागून एक बुडत होत्या. तेवढ्यात हलिमाबीनं भिंतीवरून हाक मारली, "बाय, भायेर ये. बघ कोण येतोय."

मुखाकडून तांडेलची होडी येत होती. तांडेल उभा राहून वल्हं मारत होता आणि मधल्या फळीवर बाळ बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, रेशमी झब्बा, टोपी, मांडीवर साडीचं पुडकं. वाटेवर पाय टाकणार नाही असं त्यानं म्हटलेलं होतं. त्यानं शब्द मोडला नव्हता, तो पाण्यावरून आला होता. कितीतरी वर्षांत त्या फाट्यात आलेली ती पहिली होडी. घरांच्या मागच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. लोक बघत होते आणि बाळ ताठ बसून समोर बघत होता.

त्याच्या हॉटेलाची मागची भिंत आली. भिंतीजवळ पाणी खोल म्हणून तांडेलनं होडी त्या बाजूनं घेतलेली. नेमकं त्याच वेळी आत कुणीतरी मोठं पातेलं मोरीत उपडं केलं असावं. पाइपातून खरकट्या पाण्याचा लोट आला, चहाचा चोथा, कांद्याची सालं आणि उसळीचा तवंग, आणि तो थेट बाळच्या उजव्या खांद्यावर पडला.

खिडक्यांमध्ये कुणी हसलं नाही. तांडेलचं वल्हं थांबलं. बाळनं साडीचं पुडकं तेवढं डोक्यावर उंच धरलं होतं. मग त्यानं मान वर करून पाइपाकडे पाहिलं, आपल्याच हॉटेलाच्या भिंतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत काळा ओघळ होता. तो बराच वेळ बघत राहिला. तांडेलला हातानंच खूण केली, चल म्हणून.

होडी पायऱ्यांना लागली. बाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या बोलणार. अशा वेळी बोलण्यासाठीच त्यांची जीभ घडलेली होती. त्या आत गेल्या, गरम पाण्याची बादली आणि पंचा घेऊन आल्या, आणि पेटीतून वडिलांचा जुना सदरा काढून खुंटीला अडकवला. बाळनं अंग धुतलं, सदरा घातला, पाटावर बसला. बाईंनी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं साडी ताटात ठेवली. साडीला एक थेंब लागलेला नव्हता.

जेवताना दोघं गावातल्या कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलत होती. दुसऱ्यांदा भात घेताना बाळ खाली मान घालून म्हणाला, "अक्का, तुझा तो गवंडी अजून काम करतो काय गो?"

"करतो," बाई म्हणाल्या. "वरण वाढू?"

एवढंच झालं. बाळचा पहिला शोषखड्डा पंधरवड्यात तुंबला, कारण हॉटेलाचं तेलकट पाणी, आणि त्याला दुसरा, मोठा, मधे गाळणीची टाकी असलेला करून घ्यावा लागला. भिंतीवरचा ओघळ त्यानं स्वतः उभं राहून घासून घेतला. पाण्यावरून एकदा आलेल्या माणसाला वाटेवरून यायला मग हरकत उरली नाही, आणि सकाळचा चहा पुन्हा त्याचा झाला. मला तिसरा कप मिळायला लागला. सगळं गाव हॉटेलात येणारं, त्यामुळे बाळनं पाइप काढलान ही बातमी कुणाला वेगळी सांगावी लागली नाही. पुढच्या वर्षभरात त्या ओळीतले आणखी काही पाइप गेले. सगळे गेले नाहीत.

होडी आत येऊ शकते हे दिसल्यावर कोळीवाड्यातली माणसं नगरपालिकेत गेली आणि पावसाळ्यात होड्या आत बांधायला फाटा मोकळा हवा म्हणाली. बाजाराकडच्या वरच्या तुकड्यावर स्लॅब पडलाच, तो कुणाला थांबवता आला नाही. खालचा तुकडा उघडा राहिला. त्याच इंजिनिअरनं तिथं दगडी बांध आणि काठानं फरसबंदीची वाट मंजूर करून आणली, असं म्हणतात. तोवर माझी बदली झाली होती.

नंतर पाच-सहा वर्षांनी मी रेल्वेनं रत्नागिरीला गेले. बाळच्या हॉटेलाला मागे पडवी निघाली होती आणि तो गिऱ्हाइकांना सांगत होता, "आत कशाला बसता, खाडीकडे बसा." ही कल्पना आपल्याला पहिल्यापासून सुचलेली होती असा त्याचा आव होता आणि बाई तो मोडत नव्हत्या. त्यांच्या हातात आता काठी आली होती. चिमटा घेऊन काठावर उतरणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. आम्ही घरासमोर खुर्च्या टाकून बसलो. ओहोटी होती. चिखल काळाच होता, पण त्यावर खेकड्यांची बिळं दिसत होती, आणि वास होता, पण बसवत होतं.

मी विचारलं, "बाई, झाली का हो खाडी स्वच्छ?"

त्यांनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "पण आता कचरा टाकणारा आधी इकडेतिकडे बघतो. पूर्वी कुणी बघत नसे."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते गमतीनं म्हटलंच नव्हतं. समोरच्या काठावर कुणीतरी खिडकी उघडली, बाहेर डोकावलं, आम्हाला बघितलं आणि भरलेली पिशवी हातात तशीच धरून पुन्हा आत गेलं. बाईंनी तिकडे मान वळवून पाहिलं, ओळख असल्यासारखी मान हलवली, आणि मला म्हणाल्या, "बस गो जरा. आता पाणी चढायला लागेल."